पावणेतीन सूत

डलूथमध्ये जानेवारीत दुकान उघडायचं
म्हणजे आधी कुलपाला फुंकर घालायची.
समोरच्या बँकेच्या पाटीवर उणे बावीस.
काल उणे नऊ होतं,
आणि काल आम्ही त्यालाच थंडी म्हणत होतो.

एइनो लाह्टीच्या हातून आज
ड्रिल-बिटांचा अख्खा खण निसटला.
म्हाताऱ्याची बोटं हल्ली थरथरतात,
ते आपल्याला दिसलं नाही असं वागायचं
हा इथला नियम, कुणीच न लिहिलेला.

मी फरशीवर फतकल मारली.
तीन अष्टमांश. सात षोडशांश. एक चतुर्थांश.
काहींवर दशांश कोरलेले, काहींवर मिलिमीटर,
एकावर नुसता गंज.
थंडीमुळे शाळा बंद, म्हणून एइनोचा नातू वेस्ली
मदतीला आला, आणि त्यानं रांग लावली
खालचा आकडा बघून:
दोनवाला पहिला, सोळावाले सगळे थोरले, शेवटी.

माझ्या तोंडून अण्णांचा आवाज निघाला:
"वाटं जास्त तर तुकडा बारीक.
भाकरी एकच हाय न्हवं?"
वेस्लीला इंग्रजीत सांगेपर्यंत
भाकरीचा पिझ्झा झाला होता.

अण्णा इचलकरंजीत मागांचे फिटर.
त्यांच्याकडे इंचाला आठ सूत,
बाकी अपूर्णांक त्यांच्या ओळखीचे नव्हते.
मी डोळे मिटून एकेक बिट चिमटीत फिरवत गेले:
अर्धा सूत. एक. दीड.
दोन. अडीच. तीन.
सात षोडशांश? साडेतीन की.
ज्यांना कागदावर समान छेद द्यावा लागतो
ते इथे आपसूक ओळीत उभे राहिले,
जेवायला हाक मारल्यावर पोरं बसतात तसे,
थोडी ढकलाढकल करून.

दहा मिलिमीटरचा एक जर्मन मधेच अडला.
तीन सुतांहून केसभर जाड,
साडेतीनच्या भोकात मात्र लळतलोंबत.
त्याला तिनाच्या उजवीकडे बसवला.
परका असला म्हणून काय झालं,
जागा तर जाडीनंच ठरते.

वेस्ली विचारतो, "उणे बिट का नसतं?"
एइनो शेल्फामागून ओरडतो, "असतं.
त्यानं भोक पाडत नाहीत, बुजवतात."
पोरगं मिनिटभर खरंच विचारात पडलं.
मग खिडकीकडे बघून, "बावीस नवापेक्षा मोठे,
मग कालचं उणे नऊ मोठं कसं?"
मी म्हटलं, वर कोण आहे ते बघ,
कुणाला जास्त वाजतंय ते नको.
पण सांगताना माझेच पाय बधिर होते
आणि मला ते फारसं पटलं नाही.

शेवटी तो गंजलेला उरला.
आकडा झिजून गुळगुळीत.
अडीचच्या भोकात शिरेना, तिनाच्या भोकात खुळखुळे.
"पावणेतीन," मी म्हटलं, मराठीतच.
एइनोनं कॅलिपर लावला, चष्मा वर केला:
शून्य दशांश तीन चार चार.
माझ्याकडे पाहिलं. परत लावला.
तेवढंच.
"कुठे शिकलीस?"
कारखान्याचं नाव सांगावं तर तो बंद पडलाय,
गावाचं नाव त्याच्या जिभेला वळायचं नाही.
"वडिलांच्या डब्यात," मी म्हटलं. खरं तेच होतं:
डबा पोचवायला जायची तेव्हा
जेवण होईपर्यंत ते मला खिळे लावायला बसवत,
आणि चुकलं की रागावत नसत,
पुन्हा सगळे ओतून द्यायचे.

खण भरला. एक भोक रिकामं:
दीडच्या पुढे, दोनच्या अलीकडे.
कुणी नेलं, कधी, एइनोला आठवेना.
मागणीच्या चिठ्ठीवर मी लिहून गेले
पावणेदोन,
देवनागरीत, घाईत.
एइनोनं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली,
खोडलं काही नाही.
खाली आपल्या थरथरत्या अक्षरात
सात बत्तिसांश लिहिलं
आणि दोघांमध्ये
बरोबरीच्या दोन रेघा ओढल्या,
एक जरा वाकडी.